लिंक फुटते, मग पाहुणे येतात

(दृश्य: लॅपटॉपचा फोटो, हळूहळू मोठा होत जाणारा)

२० नोव्हेंबर २०२०. युरोपीय संघाच्या संरक्षणमंत्र्यांची ऑनलाइन बैठक चालू होती. नेदरलँड्सच्या मंत्र्यांच्या ट्विटर खात्यावर तिचा एक फोटो झळकला. त्यात लॉगिनचा पत्ता होता आणि सहा आकडी पिनमधले पाच आकडे. उरला एक आकडा, म्हणजे फार तर दहा प्रयत्न! एक डच पत्रकार थेट बैठकीत जाऊन हात हलवू लागला.

यात कुठेही कुलूप फुटलं नाही. बहुतेक वेळा असंच असतं. झूमवरच्या अशा घुसखोरीचा अभ्यास बिंगहॅम्टन आणि बॉस्टन विद्यापीठांच्या संशोधकांनी केला, तेव्हा आढळलं की बहुतांश प्रकरणांत लिंक आतल्याच कुणीतरी बाहेर दिली होती.

मग पासवर्डचं काय? मीटिंगचा नंबर अंदाजाने टाकून बघणाऱ्याला तो अडवतो. पण झूमची आमंत्रणाची लिंक नीट पाहा: शेवटी 'पीडब्ल्यूडी' आणि बरोबरच्या चिन्हापुढे अक्षरांची लांबलचक माळ असते. तोच पासवर्ड. लिंक ज्याच्या हातात, त्याच्या हातात किल्लीही. लिंकमध्ये पासवर्ड घालण्याची सोय सेटिंगमध्ये बंद करता येते. मात्र आतलाच माणूस फितूर असेल, तर तो पासवर्डही सांगेल.

(दृश्य: वेटिंग रूममधली नावांची यादी)

म्हणून खरी राखण वेटिंग रूममध्ये, म्हणजे होस्ट, मीटिंग भरवणारा, आत घेईपर्यंत लोक थांबतात त्या जागी. इथे घात करतं ते सगळ्यांना एकदम आत घेणारं 'ॲडमिट ऑल' हे बटण. घाईत ते दाबलं की वेटिंग रूम असून नसल्यासारखी. घुसखोर आत असलेल्या एखाद्याचंच नाव लावून येतो. एकच नाव दोनदा दिसलं की थांबायचं आणि आतल्या माणसाला विचारायचं. बोलणाऱ्याने हे काम करूच नये, त्यासाठी वेगळा को-होस्ट, म्हणजे होस्टचा मदतनीस, नेमावा. सशुल्क खात्यात नोंदणी चालू केली, तर प्रत्येकाला स्वतःची लिंक मिळते. एकाच लिंकवरून अनेक उपकरणांनी येण्याची मुभा तेवढी काढून टाका.

गुगल मीटमध्ये प्रवेशाचा प्रकार 'ओपन', म्हणजे लिंक असलेला कुणीही थेट आत, असा ठेवू नका. 'ट्रस्टेड' किंवा 'रिस्ट्रिक्टेड' निवडा.

स्क्रीन शेअर फक्त होस्टकडे. नाव बदलणं बंद. पडद्यावर रेघोट्या ओढण्याची सोय बंद. ती हटकून विसरली जाते. सगळे आले की 'लॉक मीटिंग', पण छोट्या बैठकीतच. मोठ्या वर्गात कुणाचं ना कुणाचं नेट जातंच, आणि लॉक असेपर्यंत त्याला परत येता येत नाही.

(दृश्य: होस्ट टूल्सचा मेनू, लाल अक्षरांवर बाण)

एवढं करूनही कुणी शिरलाच, तर यादीत त्याचं नाव शोधत बसू नका. अशी मंडळी बरेचदा टोळीने येतात. एकाला काढेपर्यंत दुसरा स्क्रीन शेअर करतो. झूममध्ये आधी 'होस्ट टूल्स' उघडा, जुन्या आवृत्तीत त्याचं नाव 'सिक्युरिटी'. तिथलं 'सस्पेंड पार्टिसिपंट ॲक्टिव्हिटीज' दाबा. सगळ्यांचे आवाज, व्हिडिओ, स्क्रीन शेअर एकदम थांबतात. मग सावकाश एकेकाला काढा आणि तक्रार नोंदवा. काढलेल्याला पुन्हा येऊ देण्याचं सेटिंग मुळात बंद असतं. कुणी ते चालू केलेलं नाही ना, एवढं पाहा.

दर आठवड्याच्या मीटिंगला तोच नंबर चालू राहतो. घुसखोरी झाली की ती मालिका रद्द करा, नवी मीटिंग तयार करा. पर्सनल मीटिंग आयडी, म्हणजे तुमच्या खात्याचा कायमचा नंबर, तर वापरूच नका. नवी लिंक जुन्या ग्रुपवर टाकण्याआधी ग्रुपमध्ये कोण कोण आहे, ते तपासा.