काउंटर सोडण्यापूर्वी

संध्याकाळचे साडेसात वाजले आहेत. दादर पश्चिमेच्या एका सुपरमार्केटच्या दाराशी, पिशव्या पायाशी ठेवून, एक बाई हातभर लांबीचे बिल वाचत उभ्या आहेत. दारावरच्या सुरक्षारक्षकाने त्या बिलावर शिक्का मारला आहे. पण तो वस्तू मोजतो, भाव तपासत नाही. तूरडाळीच्या ओळीशी बाईंचे बोट थांबते. फळीवरच्या पट्टीवर एका किलोला १६४ रुपये लिहिलेले त्यांनी स्वतः पाहिले होते, आणि बिलात १७८ रुपये लागले आहेत. १४ रुपयांसाठी पुन्हा रांगेत उभे राहायचे की बोरिवली लोकल गाठायची, हा प्रश्न मुंबईत रोज कुणी ना कुणी स्वतःला विचारतो आणि बहुतेक वेळा लोकल गाठतो.

बारकोडमध्ये किंमत नसते. स्कॅनर वस्तूचा केवळ क्रमांक वाचतो; किंमत दुकानाच्या संगणकातील नोंदीतून येते आणि फळीवरची पट्टी मात्र माणसाच्या हाताने बदलली जाते. सवलतीची मुदत संपली की संगणकातला भाव रात्रीतून वर जातो आणि पट्टी तशीच राहून जाते. कधी एकाच बारकोडचा जुना आणि नवा माल दोन वेगळ्या एमआरपींचा असतो. त्या वेळी काही दुकानांच्या पडद्यावर दोन्ही किमती दिसतात आणि कॅशियरला पाकिटावर पाहून त्यांतली एक निवडावी लागते. २२ सप्टेंबर २०२५ रोजी जीएसटीचे दर बदलले, तेव्हा जुन्या आणि नव्या छापील किमतींचा माल फळ्यांवर शेजारी शेजारी होता. मागे वीस माणसांची रांग असताना होणाऱ्या अशा चुकीला लबाडी म्हणणे आम्हाला योग्य वाटत नाही. मात्र, ती दाखवून दिल्यावरही पैसे परत न करणे ही चूक नसून तो दुकानाचा निर्णय असतो.

जादा आकारणी दोन प्रकारची असते आणि हा भेद ग्राहकाने ओळखायला हवा. पाकिटावर छापलेली किरकोळ विक्रीची कमाल किंमत सर्व करांसह असते. तिच्यापेक्षा एक रुपयाही अधिक घेणे २०११ च्या आवेष्टित (म्हणजे पाकीटबंद) वस्तू नियमांनुसार निषिद्ध आहे आणि त्याची तक्रार राज्याच्या वजन-मापे तपासणाऱ्या वैध मापन शास्त्र विभागाकडे करता येते. बाईंची डाळ दुसऱ्या प्रकारात मोडते. बिलातला भाव एमआरपीच्या आत आहे, पण फळीवर दाखवलेल्या भावापेक्षा जास्त आहे. किमतीबाबत ग्राहकाची दिशाभूल करणे ही ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. परंतु ती सिद्ध करायची तर फळीवरच्या पट्टीचे छायाचित्र हवे, कारण ती पट्टी दुसऱ्या दिवशी जागेवर असेलच असे नाही.

ग्राहक सेवा कक्षात गेल्यावर पुष्कळदा पहिले उत्तर मिळते की वस्तू परत करा, मग पैसे देऊ. येथे प्रश्नच चुकीचा मांडला जातो. ग्राहकाला डाळ हवीच आहे; त्याला परत हवा आहे तो केवळ फरक. दुसरे उत्तर असते की बिल निघाले, जीएसटी लागला, आता बदल करता येत नाही. ही सबब टिकत नाही, कारण जास्त लागलेली रक्कम आणि तिच्यावरचा कर कमी करण्यासाठी केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम ३४ मध्ये विक्रेत्याने क्रेडिट नोट, म्हणजे बिलाची रक्कम कमी केल्याचा कागद, काढण्याची तरतूद आहे. ही कराची क्रेडिट नोट वेगळी, आणि पुढच्या खरेदीसाठी दुकान देते ती पावती वेगळी. ज्याने रोख मोजले त्याने रोखच मागावे.

कॅनडात किराणा व्यापाऱ्यांनी २००२ पासून स्वेच्छेने एक संहिता स्वीकारली आहे. तिच्यात सामील झालेल्या दुकानात स्कॅनरने फळीपेक्षा जास्त भाव लावला, तर ठरावीक किमतीपर्यंतची ती वस्तू ग्राहकाला फुकट मिळते. आपल्याकडच्या साखळी दुकानांनी असा शब्द बिलाच्या पाठीवर छापावा, असे आम्हाला मनापासून वाटते.

जादा आकारणीचा पुरावा निदान कागदावर राहतो. सुट्या पैशांचे तसे नाही. ५०० ची नोट दिली आणि २०० ची समजून पैसे परत आले, तर बिलावर त्याची खूण उरतेच असे नाही. म्हणून काउंटरवर ‘पैसे मोजून घ्यावेत’ अशी पाटी असते. पण त्या पाटीने दुकानाची जबाबदारी संपते असे आम्ही मानत नाही, कारण पाळी संपताना गल्ल्याचा हिशेब होतो आणि जास्त आलेले ३०० रुपये त्यात दिसतात. ग्राहकाने परत जाऊन बिलावरची वेळ व काउंटर क्रमांक दाखवावा आणि त्या वेळचे सीसीटीव्ही चित्रण पाहण्याची व हिशेब जुळवण्याची लेखी विनंती करावी. सुट्यांऐवजी चॉकलेट हातावर ठेवले, तर ते नाकारावे. ५० पैशांचे नाणेही आज कायदेशीर चलन आहे, चॉकलेट नाही.

दुकानाने दाद दिली नाही, तर १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे आणि मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून या शहरात ग्राहकांसाठी काम करत आहे. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची आहे आणि राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येत असल्याने दादरच्या बिलाची तक्रार डोंबिवलीकराला ठाण्यात नोंदवता येते.

रात्रीचे दहा वाजले आहेत. शटर अर्धे खाली आले आहे आणि कॅशियर मुलगी नोटांच्या चळती लावून मोजत आहे. रक्कम कमी भरली तर, तिचे म्हणणे ऐकून घेऊन, निष्काळजीपणाबद्दल तिच्या पगारातून कपात करण्याची मुभा कायदा मालकाला देतो. आज मात्र रक्कम ३०० रुपयांनी जास्त भरते. ती पुन्हा मोजते, रक्कम वहीत लिहिते आणि शेजारी काउंटरचा क्रमांक टाकते.