पाजताना कळ येते तेव्हा

नमस्कार. ऐकणाऱ्यांत कुणी बाळंतीण असेल तर बाळाला पदराखाली घेऊन निवांत ऐका. आणि चाकरमानी मंडळींनीही रेडिओ बंद करू नये. बायको माहेरी आणि आपण मुंबईत, असं असलं की ‘दुखतंय ना, मग पावडरचा डबा आण’ हा सल्ला फोनवरून तुम्हीच देता.

मी गावोगाव फिरलेली नर्स. वेंगुर्ल्याकडच्या एका वाडीतली गोष्ट सांगते. जुलै महिना, पागोळ्या धो धो गळत होत्या, पडवीतल्या दोरीवर लंगोट आंबट वास मारत होते. बाळ आठ दिवसांचं. ते तोंड लावणार एवढ्यातच त्या पोरीने पायाची बोटं आवळली आणि डोळे मिटून घेतले. शेजारी सासूबाई. म्हणाल्या, “पयल्या खेपेक दुखताच गो. सोसूक होया.”

सुरुवातीच्या दिवसांत बाळ ओढायला लागलं की क्षणभर चुरचुरतं, इथवर सासूबाईंचं खरं. पण मिनिटभरानंतरही कळ थांबत नसेल, बोंडांना चिरा पडल्या असतील, तर ते सोसायचं नसतं, कारण शोधायचं असतं. मी गप्प बसून बघत राहिले. बाळाच्या ओठांत नुसतं बोंड होतं, भोवतीचा काळसर भाग सगळा बाहेर. बाळाने तोंड सोडलं तेव्हा बोंडाचं टोक बोरू तासावा तसं तिरपं चेपलेलं दिसलं. दुखण्याचं सगळ्यांत जास्त आढळणारं कारण हेच, बाळाची पकड उथळ असणं. नुसतं बोंड तोंडात असलं की ते जीभ आणि टाळूमध्ये चिरडतं. खोलवर घेतलं की ते मागच्या मऊ भागापाशी जातं, तिथे घासत नाही.

मग तिची करंगळी बाळाच्या ओठांच्या कोपऱ्यातून आत घालायला लावली. पकड सुटली. ओढून कधी सोडवू नका, तशानेच कातडी फाटते. ती पुढे वाकून बसली होती, तिला भिंतीला टेकवलं. आपण बाळाकडे वाकायचं नाही, बाळाला आपल्याकडे आणायचं. त्याचं पोट आपल्या पोटाला, नाक बोंडासमोर. जांभईएवढा मोठा आ होईपर्यंत थांबायचं आणि हनुवटी आधी टेकवायची. खालचा ओठ बाहेर वळलेला दिसला पाहिजे, काळा भाग वरून जास्त, खालून कमी. दोनदा फसलं. तिसऱ्यांदा आधी तिच्या पायाची बोटं सैल झाली, मग घुटके ऐकू आले. सासूबाई हळूच म्हणाल्या, “माका तेवा कोणी सांगूक नाय.”

पकड बरोबर असूनही दुखत असेल तर? तिसऱ्या-चौथ्या दिवशी दूध भरून छाती दगडासारखी होते, बाळाला धरायला जागाच राहत नाही. आधी थोडं हाताने पिळून काढा, काळा भाग मऊ होऊ द्या. काही बाळांची जीभ खालून आखूड पडद्याने बांधलेली असते, ती पुढे येत नाही. हे डॉक्टरांनीच तपासायचं.

आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात विसरू नये अशी एक गोष्ट म्हणजे बुरशी. आधी नीट चाललेलं असतं आणि अचानक आग व्हायला लागते, पाजून झाल्यावरही होत राहते. बोंडं गुलाबी, चकचकीत दिसतात. बाळाच्या गालांच्या आत पांढरे चट्टे असतात, पुसून सहज जात नाहीत. औषध आई आणि बाळ दोघांना एकाच वेळी लागतं, नाहीतर दोघं एकमेकांना बुरशी देत बसतात. ओलसर कपडा छातीशी ठेवू नका, हवा लागू द्या. साबणाने घासू तर अजिबात नका. पाजून झाल्यावर आपल्याच दुधाचा थेंब लावून वाळू द्यावा, पुरतं.

पाजल्यावर बोंड पांढरंफटक पडून ठणकत असेल आणि गारव्याने ते वाढत असेल, तर तिथल्या रक्तवाहिन्या आवळत असतील, ऊब द्या. दूध काढायच्या पंपाची चोंगी मापाची नसली तरी बोंड सोलवटतं. पाजणं महिनोन्‌महिने सुरळीत असताना दोन्हीकडे दुखू लागलं, तर पुन्हा दिवस गेलेत का, तेही पाहा. हसू नका, मी पाहिलंय.

छातीवर लाल, गरम पट्टा, थंडी वाजून ताप असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे. पाजणं मात्र थांबवू नका, दूध तुंबलं की दुखणं वाढतं. अगदीच सहन होईना तर हाताने काढून वाटी-चमच्याने द्या. एकाच बाजूची जखम भरतच नसेल तर तीही दाखवा.

दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईकडे आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात. बाळाचं वजन झालं, ताप बघून झाला की त्या निघायला उठतात. त्यांना पाच मिनिटं थांबवा, चहा टाका, आणि त्यांच्या समोर बसून बाळाला पाजा. नमस्कार.