पुरे म्हटलं की पुरे

(दृश्य : बालवाडीची सतरंजी, डबे उघडतायत)

पुण्यातली एक बालवाडी, मधल्या सुट्टीची वेळ. श्लोक संपायच्या आत झाकणं निघालीत. आज मंगळवार, म्हणजे उसळ. डब्याचं वेळापत्रक दारावरच चिकटवलंय : सोमवारी पोळी-भाजी, बुधवारी थालीपीठ नाहीतर धिरडं, गुरुवारी उपमा. शुक्रवारी आवडीचा खाऊ, पण घरी केलेला. बिस्किटाचा पुडा आला तर तो न फोडता परत जातो.

(दृश्य : मुलगा मटकी निरखतोय)

याला मटकी आवडत नाही, असं घरून आधीच कळवलं होतं. ताईंनी तरी चमचाभर वाढलीये. आग्रह मात्र कुणी करत नाही. नवी चव लहान मुलाला पटायला ती आठ-दहा वेळा, कधी त्याहून जास्त वेळा समोर यावी लागते. आपल्याकडे तिसऱ्या खेपेलाच ताटात बटाटा येतो!

बघा, एक दाणा उचलला. मोड तपासून झाला. गेला तोंडात. आता दुसरा.

(दृश्य : मुलगी डब्याचं झाकण लावतेय)

हिच्या डब्यात अर्धी पोळी उरलीये. "पोट भरलं, ताई." ताई फक्त मान हलवतात. पद्धत अशी की काय आणि कधी वाढायचं ते मोठ्यांनी ठरवायचं, किती खायचं ते मुलाने. पोट भरल्याची खूण मुलांना उपजत कळते. 'एक घास चिऊचा, एक घास काऊचा' करत, हल्ली तर मोबाईल समोर धरून, ती खूण आपणच बुजवतो. वर कौतुकही होतं, कसं गुटगुटीत आहे म्हणून.

(दृश्य : वजनकाटा, भिंतीवरची उंचीची पट्टी)

वजन-उंची इथे नियमित मोजतात, पण आकडा वर्गात वाचून दाखवत नाहीत. 'जाड्या' म्हणायला बंदी, ताईंनाही. आणि डाएट तर नाहीच. वाढत्या वयात बहुतेक मुलांचं वजन उतरवायचं नसतं. ते सावकाश वाढू द्यायचं, उंची त्याला गाठते. फारच जास्त असेल तर बालरोगतज्ज्ञ आहेत.

(दृश्य : पालकसभा, टेबलावर साखरेचा डबा)

आता सगळ्या आया पुढे सरकल्यात. शीतपेयाची अडीचशे मिलीची बाटली. ताई लेबल वाचतात : शंभर मिलीला साडेदहा ग्रॅमच्या आसपास साखर. मग चमच्याने ती काचेच्या ग्लासात पडायला लागते. एक, दोन, तीन... सहा चमचे होतात, वर थोडी उरतेच. मागून कुणीतरी म्हणतं, "आणि आम्ही चहा देत नाही म्हणून खूश होतो!"

असेच साखरेचे फलक शाळांत लावा, असं सीबीएसईने २०२५ मध्ये आपल्या शाळांना सांगितलं. त्याआधी २०१७ मध्ये महाराष्ट्र सरकारने शाळांच्या उपाहारगृहांतून चिप्स, पिझ्झा, शीतपेयं हटवायचा आदेश काढला. २०२० चा केंद्राचा नियम तर फाटकापासून ५० मीटरपर्यंत जातो. डबा मात्र घरून येतो, तिथे कुठला आदेश पोचणार? आम्हाला विचाराल तर या ग्लासाचं काम जास्त मोठं आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पाच वर्षांखालच्या जादा वजनाच्या मुलांचं देशातलं प्रमाण २०१५-१६ मध्ये २.१ टक्के होतं, २०१९-२१ मध्ये ३.४. पुढे मधुमेह, रक्तदाब, यकृतावरची चरबी यांचा धोका आहेच.

(दृश्य : सभा उठतेय, आया ताईंभोवती)

शेवटचा प्रश्न मात्र साखरेचा नव्हता. "ताई, हे सासूबाईंना कोण सांगणार?"

पुढच्या सभेचं बोलावणं आजी-आजोबांच्या नावाने गेलंय. ताईंनी त्यांना एकच गोष्ट आणायला सांगितलीये : नातवंडांसाठी कपाटात ठेवलेला खाऊ, आहे तसा, पुड्यासकट. लेबलं तिथेच वाचणार आहेत.