वाकळेचं पोट

नमस्कार श्रोतेहो.

शिमगा झाला, उन्हं तापायला लागली. ट्रंकेतली आणि माळ्यावरची जुनी लुगडी बाहेर काढायचे हेच दिवस. आता हाती घेतलेली वाकळ मिरगाच्या आत पुरी होते. एकदा पाऊस लागला, आणि आपल्या बेळगावच्या खानापूर-जांबोटीकडं तो कसा लागतो हे तुम्हाला सांगायला नको, की अर्धवट वाकळ कोपऱ्यात पडून कुबट होते.

आपण वाकळ म्हणतो, पुण्याकडं गोधडी म्हणतात, शेजारच्या कानडी घरात कौदी. नाव कुठलंही घ्या, नवखा माणूस आधी वरचे रंगीत तुकडे जुळवत बसतो, आणि वाकळ फसते ती पोटात. आतले थर कसले आहेत आणि ते कसे अंथरलेत, यावर ती दहा वर्षं टिकणार की दुसऱ्या धुण्यात गोळा होणार, हे ठरतं. म्हणून आज पोटापासून सुरुवात करू.

मोठ्या माणसाच्या वाकळेचं माप धरा पाच फूट रुंद, साडेसहा फूट लांब. नऊवारी सुती लुगड्याचे चौसष्ट इंचांचे पाच तुकडे पडतात. एका थराला असे दोन तुकडे शेजारी शेजारी लागतात. म्हणजे दोन लुगड्यांत दहा तुकडे, पाच थर. खाली एक, वर एक, पोटात तीन. घरात पाचवारी साड्याच असतील तर एका साडीचे तीनच तुकडे निघतात, तेव्हा चार साड्या काढून ठेवा. पाचाच्या वर थर घालू नका. सुई सरळ जात नाही, तिरकी शिरते आणि मागच्या बाजूला टाके वेडेवाकडे पडतात.

लुगडं उजेडापुढं धरून बघा. बसायच्या जागी ते विरलेलं असतं, जाळीसारखा उजेड दिसतो. काठ आणि पदर मात्र धड असतात. विरलेला तुकडा पोटात चालतो, फाटला असेल तर तिथं दुसरं धड कापड ठेवा. तळाला आणि वर घट्ट विणीचेच घ्या. पोटातल्या तुकड्यांचे काठ कापून बाजूला काढा. काठ जाड असतो, सुई तिथंच मोडते. शिवाय इरकलीचा काठ आणि अंग धुतल्यावर सारखं आटत नाही, चुण्या पडतात. ते काठ टाकू नका, शेवटी कडेला लागणार आहेत.

नायलॉन, जॉर्जेट पोटात नको म्हणजे नको. ते घसरतं, घाम शोषत नाही, आणि चुलीजवळ ठिणगी उडाली तर वितळून चिकटतं. जीनचं कापडही टाळा, दोन शिवणी एकावर एक आल्या की सुई पुढं सरकत नाही.

सगळं कापड आधी धुवायचं, नवं असेल तर दोनदा. कोरं कापड पहिल्या पाण्यात आटतं, आणि ते काम वाकळेच्या आत झालं तर सगळं अंग सुरकुततं. खळ पूर्ण जाऊ द्या, खळीच्या वासानं झुरळं आणि उंदीर येतात. लाल आणि निळं कापड वेगळं तपासा. ओल्या पांढऱ्या फडक्यानं जोरात घासा. फडकं रंगलं तर तो तुकडा आणखी धुवा, तरीही रंग सुटत राहिला तर सोडून द्या. मिठाच्या पाण्यात भिजवलं की रंग पक्का होतो असं सांगतात, त्यावर विसंबून शेजारी पांढरा तुकडा लावू नका.

आता अंथरणी. जागा फरशीची हवी. चटईवर अंथरली की सुई चटईत शिरते आणि वाकळ उचलायला गेलं की चटईसकट उठते! तळाचा थर शिवण वर येईल असा पालथा पसरा, चारी कोपऱ्यांवर दगड किंवा वरवंटा ठेवा. मधून कडेकडे तळवा फिरवा. ताणू नका, नुसत्या सुरकुत्या काढा. ताणलेलं कापड दगड काढले की आखडतं आणि कडा आत वळते.

पोटातले तुकडे शिवून जोडायची गरज नाही, बोटभर एकावर एक चढवले की पुरे. पण सगळ्या थरांचे जोड मधोमध आले तर तिथं उंचवटा होतो आणि घडी कायम त्याच जागी मोडून कापड झिजतं. त्याला उपाय सोपा आहे. एका थरात जोड मधोमध येऊ द्या. पुढच्या थरात अख्खा तुकडा मधोमध ठेवा आणि दुसरा लांबीतून फाडून अर्धा-अर्धा दोन्ही बाजूंना लावा.

वरचा थर पसरला की कच्चे टाके घाला. आधी मधून अधिक चिन्हासारख्या दोन ओळी, मग अर्ध्या विती अंतरानं मधून बाहेर जात. नंतर मधोमध वरचं कापड चिमटीत धरून उचलून बघा. ते एकटंच वर आलं तर झोळ आहे. उसवा, परत तळवा फिरवा. कंटाळा येतो, पण इथं राहिलेला झोळ पुढं कुठल्याही टाक्यानं जात नाही, नुसता पुढं ढकलला जातो आणि शेवटी फुगा होऊन बसतो.

मग वर ठिगळं मांडा. शिंप्याकडच्या चिंध्या, झबल्याचे तुकडे, खणाचे तुकडे. प्रत्येकाची कडा पाव इंच आत दुमडा. खणाची कड फार लवकर सुटते, तिला अर्धा इंच द्या.

दोरा सुती घ्या. नायलॉनचा दोरा तुटत नाही, हे खरं. पण तो जुन्या कापडाला तारेसारखा कापतो. सुती दोरा तुटला तर दोन टाक्यांत दुरुस्ती होते, कापड कापलं गेलं तर ठिगळ लावावं लागतं. पाऊण इंचावर ओळी घातल्या तर साधारण दोनशे मीटर दोरा जातो, दुहेरी धरला तर चारशे. एका वेळी दोन हातांपेक्षा लांब दोरा ओवू नका, गुंता होतो. धावटाका तांदळाच्या दाण्याएवढा. सुईवर तीन-चार टाके भरून मग ओढा, बोटात अंगुस्तान ठेवा. दोरा ओढल्यावर कापड किंचित दबलं पाहिजे, गोळा होता कामा नये. गाठ थरांच्या मध्ये लपवा, वर राहिली तर घासून सुटते.

सगळीकडे हीच मधून बाहेर जायची रीत आहे असं नाही. खानापूर तालुक्यात आणि पलीकडं हल्याळ-यल्लापूरच्या बाजूला सिद्दी, म्हणजे मूळच्या आफ्रिकेतून आलेल्या समाजातल्या बायका जी कवंदी, म्हणजे त्यांची वाकळ शिवतात, ती उलटी चालते. एका कोपऱ्यापासून कडेनं सुरुवात, आणि फेऱ्या घालत आत. मग त्यांच्या मधोमध फुगा का येत नाही? कारण सगळी ठिगळं आधी मांडलेली नसतात. एक ठिगळ ठेवायचं, त्याच टाक्यात ते आणि खालचे थर शिवायचे, मग पुढचं. उरलेला सैलपणा प्रत्येक ठिगळाच्या दुमडीत जिरत जातो. शेवटी कोपऱ्यांना घड्या घालून केलेले जाड त्रिकोण लावतात, त्यांना फुलं म्हणतात. त्यांच्याशिवाय कवंदी पुरी मानत नाहीत. तुम्ही कडेनं शिवणार असाल तर ही एक-एक ठिगळाची शिस्तही घ्या. नुसती दिशा उचलली तर फुगा ठरलेला.

कडेला आता ते बाजूला ठेवलेले काठ लावा. अर्धा भाग वर, अर्धा खाली, आणि दोन ओळी टाके. वाकळ ओढताना हात कडेलाच पडतो, तिथंच आधी फाटते.

धुणं वर्षातून एक-दोनदा, कडक उन्हाच्या दिवशी. भिजली की ती दुपटीहून जड होते. एका टोकाला धरून उचलू नका, पाण्याच्या वजनानं टाके तुटतात. पिळूही नका. दगडावर घडी घालून दाबा, पाणी निथळू द्या, मग दोन दोऱ्यांवर आडवी टाका म्हणजे भार विभागतो. दुपारी उलटा. वरून हाताला कोरडी लागली म्हणून लगेच घडी करू नका. चार पदरी दुमडून थोडा वेळ ठेवा आणि मधली घडी गालाला लावून बघा. गार लागली तर पोट अजून ओलं आहे, तिला आणखी एक ऊन द्या.