इथे इथे बस रे मोरा : ठेका येतो कुठून?

नाशिक, पंचवटी. खाली गल्लीत रिक्षांचा गोंगाट आणि वर गॅलरीत एक आजी नातवाचा तळहात उघडून त्यावर बोट टेकवतायत. बाकी फ्रेम सोडा, फक्त ते बोट बघा.

इथे इथे बस रे मोरा
बाळ घाली चारा
चारा खा, पाणी पी
भुर्र उडून जा

तोंडी चालत आलेलं बडबडगीत, कवी-बिवी काही नाही. आता लघु म्हणजे आखूड अक्षराची एक, गुरू म्हणजे लांब अक्षराच्या दोन अशा मात्रा मोजल्या तर ओळीओळीला येतात 14, 11, 12 आणि 9. पादाकुलक वृत्तात कसं, प्रत्येक ओळीत 16 म्हणजे 16, तसलं इथं काहीच नाही, वृत्तवाल्या सरांनी वही परतच केली असती. पण बोट? ते एकदाही चुकत नाही. इथे, इथे, बस रे, मोरा, चार ठोके. बाळ, घाली, चारा, तीन, आणि चौथ्याला आजी गप्प, बोट मात्र टेकतंच. मग चारा, खा, पाणी, पी, परत चार, आणि खा नि पी एकेका अक्षराचे असले तरी त्यांना पूर्ण ठोका मिळतो म्हणून ते आपोआप लांबतात, खाऽऽ, पीऽऽ. कुणाच्या घरी 'घालतो चारा' म्हणतात, एक मात्रा वाढते, ठोके तेवढेच.

यमकासाठी पण कुणी डोकं खाजवलेलं दिसत नाही. मोराला हाक मारली की 'मोरा' होतोच, पुढे चारा तयार. तोच चारा लगेच पुढच्या ओळीच्या तोंडाशी येतो, त्यामुळे दोन ओळी एकमेकींत अडकतात आणि पोराला पुढचं आठवायला लागत नाही. खा आणि पी जुळत नाहीत, जुळायची गरजही नाही, कारण खाचा जोडीदार शेवटी येतोच, जा.

आणि भुर्र. इतका वेळ सगळे शब्द कसे सुटे, साधे, जोडाक्षर एकही नाही, आणि इथं एकदम र्र, बोट तळहात सोडून हवेत. पोरगं 'पी'लाच हसायला लागलेलं असतं, कारण पुढे काय होणार ते त्याला पाठ आहे, आणि तरी 'पुन्हा' म्हणतं.

मोबाईलवरच्या व्हिडिओत बऱ्याचदा त्या चौथ्या रिकाम्या ठोक्यावर ढोलकी नाहीतर घुंगरू वाजवून टाकतात. मला नाही पटत ते. ती जागा पोराची आहे, तेवढ्यात ते आजीच्या तोंडाकडे बघून घेतं.