चिनी मालिका बघायचीय? आधी दीडपट स्पीड बंद करा

मला विषय दिलाय ‘चिनी ऐतिहासिक मार्शल आर्ट्स मालिका, नवख्यांनी सुरुवात कुठून करावी’. उत्तर आत्ताच देऊन टाकते, ‘नर्वाना इन फायर’, 2015 ची, 54 भागांची. का आणि कशी बघायची ते सांगणारच आहे, पण त्याआधी एक गोष्ट फार दिवस मनात साचलीय, ती बोलू द्या.

दीडपट स्पीड! कुणालाही ही मालिका सुचवली की आठवड्याभरात फोन येतो, अगं यात मारामारी कुठाय, नुसते लोक बसून चहा पितायत. खोदून विचारलं की कळतं, जेवता जेवता मोबाईलवर दीडपटीने लावली होती, आणि मधले चार भाग तर कुणीतरी केलेल्या दहा मिनिटांच्या सारांशात उरकलेत. अहो, मग राहिलं काय? दीडपटीने तुम्हाला कथानक कळेल हो, पण ही मालिका कथानकात नाहीचे, ती माणसांच्या हातांत आहे.

म्हणजे बघा. लियांग नावाचं काल्पनिक राज्य, राजधानी जिनलिंग, म्हणजे आजचं नानजिंग. बारा वर्षांपूर्वी 70,000 ची एक फौज देशद्रोहाचा आळ घालून कापून काढली. सेनापतीचा मुलगा लिन शू वाचला, पण अंगात भिनलेलं विष उतरवताना चेहरा बदलला आणि अंगातली ताकद गेली. आता तो मेई छांगसू या नावाने परत आलाय, शेजारी शेगडी, अंगावर जाड फर, सारखा खोकतोय. तलवार उचलायची ताकद नाही. त्याला त्या खटल्याची फेरचौकशी हवीय, मेलेल्यांवरचा डाग पुसायचाय, आणि त्यासाठी बापाच्या मनातून उतरलेल्या राजपुत्राला, जिंगयानला, गादीवर बसवायचंय. जिंगयान हा त्याचा जिवाभावाचा बालमित्र. आणि तो याला ओळखत नाही!

आता इथे हात बघा. मेई छांगसू विचारात पडला की बोटांत कापड धरून चोळत राहतो. लिन शूची जुनी सवय. कुणी त्यावर बोलत नाही, कॅमेरा क्षणभर थांबतो आणि पुढे जातो, पण जिंगयानची नजर तिथे जाते ना, तेव्हा माझ्या पोटात गोळा येतो, दर वेळी येतो. किंवा जिंगयानची आई घ्या. तिने एका पुस्तकात मेई छांगसूने लिहिलेल्या टिपा वाचूनच त्याला ओळखलंय. ती खाऊचे दोन डबे पाठवते, मुलाच्या डब्यात हेझलनटचा पदार्थ, याच्या डब्यात नाही, कारण लिन शूला हेझलनट सोसत नाही. एक शब्द न बोलता त्या माउलीने सांगून टाकलं, बाळा, मला माहितीय तू कोण आहेस. हे दीडपटीने बघायचं? जेवता जेवता?

बरं, वेळ संपत आल्याची खूण झालीय, बोलायला पाचच मिनिटं उरलीत, मुद्द्याचं भराभर सांगते.

नावं पाठ करत बसू नका, मेई छांगसू, जिंगयान आणि स्त्री सेनापती नीहुआंग एवढी तीन धरा, बाकीची आपोआप बसतात. युवराज आणि राजपुत्र यू गादीसाठी भांडतायत, आणि भाऊबंदकी कळायला आपल्याला शिकवणी लागत नाही. सुरुवातीचे दोन-तीन भाग जड जातील, जाऊ द्या, थांबून मागे जाऊ नका.

मारामारी हवी असेल तर नीहुआंगच्या लग्नासाठीचे सामने येईपर्यंत धीर धरा. बाहेरून आलेला एक पहिलवान सगळ्यांना लोळवतो, आणि हा आजारी माणूस म्हणतो, मी तीन लहान मुलांना शिकवून याला हरवतो. मुलं राजवाड्यातल्या दासवस्तीतली, त्यांच्यातल्या एकाची सुटका हा त्याचा खरा डाव. फेई लिऊ नावाचा पोरगा तर छपरावरून येतो-जातो, त्याची एकेक लढाई बघण्यासारखी.

आणि हू गे, मेई छांगसू करणारा नट, 2006 च्या मोटार अपघातात त्याच्या स्वतःच्या चेहऱ्याला जबर दुखापत झाली होती. चेहरा हरवलेला माणूस तो कसा करतो, ते डोळे बघा.

2017 मध्ये दुसरी मालिका आलीय, त्यातली पात्रं पुढच्या पिढ्यांची आहेत, ती नंतर. आधी ही, सबटायटल्स लावून, साध्या स्पीडने, रोज दोन भाग. सहाव्या भागानंतरही नाही आवडली तर खुशाल सोडा, आणि का नाही आवडली ते मला येऊन सांगा, मला खरंच ऐकायचंय.