तोंड झाकलेला इसम

(दृश्य: डोंगरउतारावरचं कुरण, दगडी बांध. लांबून पत्र्याच्या भोंग्याचा आवाज.)

7 ऑगस्ट 1845. न्यूयॉर्क राज्यातली डेलावेअर काउंटी, अँडीस गाव. मोझेस अर्ल नावाच्या शेतकऱ्याकडे 64 डॉलर खंड थकलाय, म्हणून आज त्याची गुरं लिलावात निघणार आहेत. जप्तीसाठी अंडरशेरीफ, म्हणजे काउंटीच्या पोलीसप्रमुखाचा दुय्यम, ऑस्मन स्टील घोड्यावरून आलाय. समोर कुरणात दोनेकशे माणसं उभी आहेत. एकाचंही तोंड दिसत नाही.

अंगात फुलाफुलांच्या छिटाचे पायघोळ झगे. तोंडावर मेंढीच्या कातड्याचा मुखवटा. डोळ्यांपुरती भोकं पाडलेली, कुणी त्याला शिंगं लावलीत, कुणी घोड्याच्या शेपटीचे केस चिकटवून दाढी केलीय. झगे शिवलेत घरच्याच बायकांनी. कालपर्यंत ज्या भोंग्यानं रानातल्या माणसांना जेवायला हाक मारायची, तोच आता जप्तीवाले आल्याची वर्दी देतो.

बाचाबाची झाली, बंदुका सुटल्या आणि स्टील कोसळला. त्याच दिवशी तो गेला. दोनशे झग्यांमधून कुठल्या झग्याची गोळी, हे सांगणार कोण? मुखवटा होताच त्यासाठी.

(दृश्य: हडसन नदी. जुना नकाशा.)

हे प्रकरण समजायला दोनशे वर्षं मागं जावं लागतं. 1630 च्या सुमारास अ‍ॅमस्टरडॅमच्या किलियान व्हान रेन्सलेअर या हिऱ्यांच्या व्यापाऱ्याला हडसनच्या दोन्ही काठांवर जमीन मिळाली. डच गेले, इंग्रज आले, इंग्रजही गेले. अमेरिका स्वतंत्र झाली, सगळी माणसं समान असल्याचं जाहीर झालं, आणि व्हान रेन्सलेअरांची जमीनदारी जागच्या जागी राहिली. लाखो एकर. शेजारपाजारी असेच आणखी जमीनदार.

कुळाचा करार कायमचा. शंभर एकराला वर्षाकाठी दहा ते चौदा बुशेल (धान्याचं जुनं माप) गहू, चार धष्टपुष्ट कोंबड्या आणि एक दिवस घोडागाडीसकट वेठ. खंड, वेठ, कोंबड्या... आपल्याकडच्या कुणाही म्हाताऱ्या कुळाला हा हिशोब वेगळा समजावून सांगावा लागला नसता. वर आणखी एक मेख होती. कुळानं आपला हक्क दुसऱ्याला विकला, तर बहुतेक करारांत किमतीचा चौथा हिस्सा जमीनदाराचा.

1839 मध्ये स्टीव्हन व्हान रेन्सलेअर वारला. हा धनी वसुलीच्या बाबतीत ढिला होता. बाकी तुंबत गेली तरी तगादा नसायचा. मृत्युपत्रात मात्र वारसांना फर्मावलेलं, की थकबाकी वसूल करा आणि माझी कर्जं फेडा. चार लाख डॉलरांच्या आसपासची बाकी एकदम अंगावर आली. हेल्डरबर्गच्या डोंगराळ भागातल्या शेतकऱ्यांनी सांगितलं, देणार नाही. तिथून ही आग काउंटी-काउंटीत पसरली. अँडीसचा जमीनदार वेगळा, पण रीत तीच.

सोंग त्यांनी 'इंडियन'चं, म्हणजे अमेरिकेच्या मूळ रहिवाशांचं घेतलं. 1773 मध्ये बॉस्टन बंदरात चहाच्या पेट्या बुडवणाऱ्यांनीही त्यांतल्याच मोहॉक जमातीचा वेश केला होता, आणि त्यांचं कौतुक तर शाळेपासून शिकवलं जायचं. पुढाऱ्यांची नावंही सोंगातलीच. 'बिग थंडर' म्हणजे एक डॉक्टर होता, स्मिथ बॉटन. डिसेंबर 1844 मध्ये त्याला हडसन गावात पकडलं.

(दृश्य: कायद्याचं पिवळं पडलेलं पान.)

पुढच्याच महिन्यात, 28 जानेवारी 1845 रोजी, न्यूयॉर्कच्या विधिमंडळानं वेश बदलून आणि हत्यार घेऊन फिरणाऱ्यांविरुद्ध कायदा केला. त्यातली मेख बघा. चेहरा रंगवलेला, झाकलेला किंवा ओळख पटू नये असा वेश केलेला माणूस रस्त्यावर, शेतात, रानात दिसला, तर त्याला धरता येईल. त्यानं काही केलेलं असण्याची गरज नाही. तो उडाणटप्पू ठरला, की पुरे.

इंग्लंडनं हा धडा आधीच गिरवला होता. चोरून हरणं मारणाऱ्यांविरुद्धच्या 1723 च्या 'ब्लॅक अ‍ॅक्ट'नुसार तोंडाला काळं फासून हत्यारानिशी राखीव जंगलात दिसणं, एवढ्यावर फाशी होती. हरणं मारायची वेळ यायच्या आधीच!

इथे जरा आपल्याकडे येऊ. 1951 चा मुंबई पोलीस कायदा, आताचा महाराष्ट्र पोलीस अधिनियम, त्याचं कलम 122. रात्रगस्तीच्या पोलिसाला ते तोंडपाठ असतं. सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात चेहरा झाकून किंवा वेश पालटून कुणी सापडला, तर गुन्हा. 'सदर इसम अंधाराचा फायदा घेऊन, स्वतःचे अस्तित्व लपवून, संशयितरीत्या मिळून आला', ही खास ठाण्यातली मराठी त्याच कलमाच्या कागदांवरची. पण चेहरा झाकण्याबद्दलच्या त्या ओळीत एक अट आहे: गुन्हा करण्याच्या इराद्यानं. हे शब्द नसते, तर पुण्यात अंधार पडल्यावर स्कार्फ गुंडाळून स्कूटीवर घरी निघालेली प्रत्येक पोरगी आरोपी ठरली असती.

न्यूयॉर्कच्या कायद्यात ही अट नव्हती. म्हणून तो चिवट निघाला.

शेतकऱ्यांचं पुढं काय झालं, ते आधी सांगतो. स्टीलच्या खुनात दोघांना फाशी सुनावली. गव्हर्नर सायलस राईटनं ती जन्मठेपेवर आणली. 1846 च्या निवडणुकीत राईट पडला आणि नवा गव्हर्नर जॉन यंगनं 1847 मध्ये कैद्यांना सोडून दिलं, 'बिग थंडर'लासुद्धा. राज्याच्या 1846 च्या नव्या घटनेत शेतजमिनीचा बारा वर्षांवरचा पट्टा बेकायदा ठरला. थोडक्यात, भांडण मिटलं. कायदा मात्र कुणी पुसला नाही.

(दृश्य: विसाव्या शतकातलं शहर. रात्र, निऑनचे दिवे.)

कालांतरानं त्यात सवलती आल्या, मुखवटे घालून होणाऱ्या मास्करेड नाचाला परवानगी मिळाली. कलम दंडसंहितेत गेलं, शब्द बदलले. आणि माणसंही बदलली. 1960 च्या दशकात न्यूयॉर्क शहरात बायकी कपडे घातलेल्या पुरुषांना पकडायला पोलिसांनी हेच कलम काढलं. छिटाचे झगे घालून बंदूक चालवणाऱ्या दाढीवाल्या शेतकऱ्यांसाठी केलेला कायदा, आणि सापडले कोण, तर कुणाच्या अध्यातमध्यात नसलेले लोक.

1999 मध्ये पाळी आली कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्णद्वेष्ट्या संघटनेची. त्यांना मॅनहॅटनमध्ये मुखवटे घालून सभा घ्यायची होती, शहरानं नाही म्हटलं. ते उघड्या तोंडानं आले. मोजकेच आले, विरोधात हजारो. खटला मात्र चालू राहिला आणि 2004 मध्ये अपील न्यायालयानं कायदा उचलून धरला. न्यायालयाचं म्हणणं, तुमचा झगा आणि टोपी यांतून जे सांगायचं ते सांगून होतंय, मुखवटा त्यात भर घालत नाही. मला हा युक्तिवाद नेहमीच थोडा सोयीचा वाटत आलाय. क्लॅनची कीव करावी असं काही नाही. पण 2011 मध्ये बड्या भांडवलदारांच्या निषेधात वॉल स्ट्रीटजवळ ठाण मांडून बसलेल्या पोरांवरही हेच कलम लागलं, तेव्हा त्या सोयीची किंमत दिसली.

(दृश्य: एप्रिल 2020. ओस पडलेला टाइम्स स्क्वेअर.)

मग करोना आला. एप्रिल 2020 मध्ये गव्हर्नर अँड्र्यू कुओमोनं अंतर राखता येत नसेल तिथे तोंड झाकणं सक्तीचं केलं, आणि पुस्तकात कलम उभं, की दोघा-चौघांनी तोंड झाकून थांबायचं नाही. शेवटी त्याच वर्षी ते रद्द झालं. वय 175 वर्षं.

पोकळी फार दिवस टिकली नाही. ऑगस्ट 2024 मध्ये लाँग आयलंडवरच्या नासाऊ काउंटीनं आपल्यापुरती बंदी आणली: हजार डॉलर दंड किंवा वर्षभर कैद, आजारपण आणि धर्माची कारणं वगळून. 2025 मध्ये राज्याच्या अर्थसंकल्पासोबत नवं कलम आलं. त्यात मुखवटा एकटा गुन्हा नाही. आधी दुसरा ठरावीक गुन्हा हवा. तो करताना किंवा करून पळताना ओळख लपवली, तर हे कलम वर चढतं.

(दृश्य: पुन्हा तेच कुरण. वाऱ्यानं हलणारं गवत.)

अर्लच्या कुरणात नुसता तोंड झाकून उभा राहिलेला शेतकरी या नव्या कलमात बसत नाही. शेरीफच्या घोड्याला आडवा जाणारा बसतो.